विश्लेषण : दिव्यांगांचं रेस्पिट केअर केंद्र बंद करण्याआधी काय तपासावं लागतं? ब्रिटनचा कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये स्थानिक काउन्सिलांकडे पैसा कमी पडू लागला की ज्या सेवांवर कात्री येते, त्यात दिव्यांगांसाठीची रेस्पिट केअर केंद्रंही असतात. अशी सेवा बंद करायला तिथल्या कायद्याची मनाई नाही. मात्र ती बंद झाल्यावर कोणाचं काय होईल, याचा विचार निर्णयाच्या आधी करणं बंधनकारक आहे. हा विचार कसा करायचा असतो, तो केवळ कागदावर राहिला तर कोर्ट काय करतं आणि भारतात अशी काही तरतूद आहे का, हे समजून घेऊ.

रेस्पिट केअर म्हणजे नेमकं काय?

ज्या मुलाला नळीतून अन्न द्यावं लागतं, रात्रीतून अनेकदा कूस बदलून द्यावी लागते, फिट आली तर लगेच औषध द्यावं लागतं, त्याच्या घरात रात्र ही झोपायची वेळ नसते. आईबाबा पाळ्या लावून जागतात. आजी-आजोबा किंवा शेजारी आपणहून मदतीला आले तरी मुलाला त्यांच्यावर सोपवून जाता येत नाही. अन्नाची नळी हाताळायला किंवा घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन चालवायला प्रशिक्षण लागतं.

रेस्पिट म्हणजे विसावा. महिन्यातले काही दिवस किंवा रात्री मूल प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे राहतं. तेवढ्या वेळात पालक सलग झोप घेतात, दुसऱ्या मुलाच्या शाळेत जाऊन येतात, स्वतःची रखडलेली डॉक्टरची भेट उरकतात. केंद्रात गेलेल्या मुलालाही घराबाहेरची माणसं, मित्र आणि खेळ मिळतात. 'रेस्पिट' या शब्दातून मूल म्हणजे ओझं असा सूर निघतो, असा आक्षेप घेतला गेल्यामुळे ब्रिटनमध्ये आता 'शॉर्ट ब्रेक' हा शब्द जास्त वापरला जातो. प्रौढ दिव्यांगांसाठीही अशा सेवा असतात. तिथे काळजी घेणारे आईवडील बरेचदा स्वतःच सत्तरीला आलेले असतात.

इंग्लंडमध्ये दिव्यांग मुलांच्या पालकांना असा विसावा मिळावा म्हणून १ एप्रिल २०११ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत. दिवसाची देखभाल, रात्रीची देखभाल, घराबाहेरचे खेळ किंवा शिक्षणाचे उपक्रम, आणि संध्याकाळी, शनिवार-रविवारी व शाळेच्या सुट्टीत मदत, अशा विविध सेवा काउन्सिलने शक्य तितक्या उपलब्ध करून द्यायच्या आहेत. पण अमुक एक केंद्र कायम चालू ठेवलंच पाहिजे, असं हे नियम म्हणत नाहीत. खरा वाद इथूनच सुरू होतो.

केंद्रं बंद का होतात?

पहिलं कारण पैशाचं. ब्रिटनमध्ये काउन्सिलला दरवर्षी अर्थसंकल्पाचा ताळेबंद जुळवावाच लागतो. २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात केंद्राकडून मिळणारं अनुदान मोठ्या प्रमाणात आटलं. त्याच वेळी वृद्धांची देखभाल आणि मुलांचं संरक्षण यांवरचा खर्च वाढत गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराच्या काउन्सिलने 'कलम ११४'ची नोटीस काढली. बंधनकारक सेवा वगळता नवा खर्च थांबवत आहोत, असा त्या नोटिशीचा अर्थ होतो.

दुसरं कारण केंद्राच्या हिशेबात असतं. रात्रीच्या केंद्रात खाटा मोजक्या असतात, पण कर्मचारी २४ तास लागतात. एखादी खाट रिकामी राहिली तरी पगार, भाडं आणि वीज यांचा खर्च तेवढाच राहतो. त्यामुळे दर मुलामागचा खर्च फुगलेला दिसतो. मग अधिकारी मांडतात की इमारत बंद करू आणि त्याऐवजी कुटुंबांना थेट पैसे देऊ, ते हवी ती मदत घेतील. हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. काही कुटुंबांना खरोखरच तसं हवं असतं. पण हातात पैसे असूनही व्हेंटिलेटरवरच्या मुलाजवळ रात्रभर बसू शकेल अशी परिचारिका गावात मिळतच नसेल, तर त्या पैशांचा उपयोग काय, याचं उत्तर त्यात नसतं. ते शोधायला लावणारा कायदा म्हणजे 'सार्वजनिक क्षेत्राचं समानता कर्तव्य'.

हे समानता कर्तव्य काय आहे?

ब्रिटनच्या समानता कायदा २०१० मधलं कलम १४९ म्हणजे हे कर्तव्य. ते ५ एप्रिल २०११ पासून लागू झालं. काउन्सिल, सरकारी खाती, एनएचएसच्या संस्था, पोलीस, शाळा अशा सार्वजनिक संस्थांना आपलं काम करताना तीन गोष्टींचा 'यथोचित विचार' करावा लागतो. पहिली, भेदभाव आणि छळ संपवणं. दुसरी, संधीची समानता वाढवणं. तिसरी, समाजातल्या वेगवेगळ्या गटांमध्ये सलोखा वाढवणं.

वय, दिव्यांगत्व, लिंगबदल, गरोदरपण व मातृत्व, वंश, धर्म वा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल या वैशिष्ट्यांना कायद्याचं संरक्षण आहे. विवाह वा नागरी भागीदारी हे नववं वैशिष्ट्य केवळ पहिल्या मुद्द्यापुरतं लागू होतं. हे कलम इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८च्या कायद्यात वेगळी तरतूद आहे.

समानता म्हणजे सगळ्यांना सारखी वागणूक, असा अर्थ इथे नाही. दिव्यांगांच्या गरजा वेगळ्या असतील तर त्यांच्यासाठी वेगळी पावलं उचलावी लागतात, हे याच कलमात लिहिलं आहे. सगळ्या सेवांना सरसकट १० टक्के कात्री लावली तर ते कागदावर समान दिसतं. पण बागेतली फुलझाडं १० टक्क्यांनी कमी होणं आणि एखाद्या घरातल्या विसाव्याच्या रात्री कमी होणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

ही कल्पना आली कुठून?

१९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. पोलिसांच्या तपासाची चौकशी करणारा मॅकफर्सन अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये आला. एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात द्वेष नसला तरी संस्थेच्या नेहमीच्या कार्यपद्धतीतून अन्याय होऊ शकतो, हे त्यातून पुढे आलं. तोपर्यंतचा कायदा अन्याय झाल्यावर तक्रार करायची मुभा देत होता. २०००च्या दुरुस्तीने निर्णय घेण्याच्या आधीच वांशिक परिणामांचा विचार करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. डिसेंबर २००६ मध्ये दिव्यांगत्वाबाबत आणि एप्रिल २००७ मध्ये स्त्री-पुरुष समानतेबाबत अशीच कर्तव्यं आली. २०११ मध्ये ती सगळी एका कलमाखाली आणली गेली.

हा विचार नोंदवण्यासाठी काउन्सिलं जो दस्तऐवज तयार करतात, त्याला 'समानता परिणाम मूल्यमापन' म्हणतात. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये असं मूल्यमापन करण्याचे वेगळे नियम आहेत. इंग्लंडमध्ये ठरावीक नमुन्यातला अहवाल कायद्याने सक्तीचा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी तर ही मूल्यमापनं म्हणजे नोकरशाहीचा पसारा असल्याचं सांगत ती थांबवण्याची घोषणा केली होती. पण मूळ कलम बदललं नाही. विचार करणं आजही सक्तीचं आहे आणि तो केला हे कोर्टात दाखवायला नोंद लागते. त्यामुळे इंग्लंडमधली काउन्सिलंही ही मूल्यमापनं करतच राहिली.

मूल्यमापनात नेमकं काय तपासायचं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका काउन्सिलचं सहा खाटांचं केंद्र आहे आणि ४० कुटुंबं ते वापरतात. वाईट मूल्यमापनात एक तक्ता असतो. त्यात 'दिव्यांगत्व' या शब्दासमोर 'मध्यम परिणाम' असं लिहिलेलं असतं आणि उपाय म्हणून 'कुटुंबांना पर्यायी सेवांची माहिती दिली जाईल' एवढं एक वाक्य. दिव्यांगांच्या केंद्राचा परिणाम दिव्यांगांवर होणार, हे सांगायला अभ्यासाची गरज नसते. चांगल्या मूल्यमापनात पुढचे प्रश्न विचारलेले दिसतात.

पहिला प्रश्न : केंद्र वापरणारी माणसं कोण आहेत? दिव्यांग हा काही एकसारखा गट नाही. चालता न येणारं पण बोलणारं मूल, स्वमग्न मूल आणि श्वासासाठी यंत्र लागणारं मूल यांच्या गरजा पूर्ण वेगळ्या. समजा ४० पैकी ३४ कुटुंबांचं दिवसाच्या क्लबवर भागू शकतं आणि सहा मुलांना परिचारिकेशिवाय ठेवताच येत नाही. अशा वेळी '८५ टक्के कुटुंबांना पर्याय उपलब्ध' हे वाक्य खरं असतं, पण ज्यांचं सर्वाधिक नुकसान होणार आहे तीच सहा कुटुंबं त्यात दिसत नाहीत. सरासरीने तीव्रता झाकता कामा नये.

दुसरा प्रश्न : पर्याय खरोखर आहे का? यादीत दुसऱ्या केंद्राचं नाव असणं पुरेसं नाही. तिथे जागा आहे का, रांग किती आहे, ते या मुलांना घेतं का, व्हीलचेअर चढेल अशी गाडी जाते का, जाण्यायेण्यात किती वेळ मोडतो, हे बघावं लागतं. स्वमग्न मुलासाठी नवीन इमारत आणि नवे चेहरे हाच मोठा धक्का असू शकतो. त्याला हळूहळू सवय लावायला किती आठवडे हवेत, हाही मूल्यमापनाचाच भाग आहे.

तिसरा प्रश्न : घरातल्यांचं काय? काळजी घेणारे हा समानता कायद्यात स्वतंत्र संरक्षित गट नाही. उत्तर आयर्लंडच्या तरतुदीत मात्र ज्यांच्यावर कोणी अवलंबून आहे अशा व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख आहे. ब्रिटनच्या इतर भागांत हा मुद्दा लिंग आणि वय या वाटांनी येतो. २०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५० लाख लोक बिनपगारी काळजी घेतात आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. केंद्र बंद झालं की नोकरीचे तास कमी करणारी किंवा नोकरी सोडणारी बहुतेकदा आई असते. म्हणजे दिव्यांगांच्या सेवेतली कपात ही स्त्रियांच्या उत्पन्नातलीही कपात ठरू शकते. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये कोलमन खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. एखादी व्यक्ती स्वतः दिव्यांग नसली, पण दिव्यांग मुलाची आई असल्यामुळे तिला नोकरीत वाईट वागणूक मिळाली, तर तोही भेदभावच ठरतो.

चौथा प्रश्न : दोन अडचणी एकत्र कुठे येतात? वयात आलेल्या मुलीची स्वच्छता स्त्री कर्मचाऱ्यानेच करावी, जेवण धर्माच्या नियमात बसणारं असावं, इंग्रजी न येणाऱ्या आजीला सूचना समजाव्यात, या गोष्टी जुन्या केंद्रात वर्षानुवर्षांच्या ओळखीतून जमून आलेल्या असतात. नव्या ठिकाणी त्या आपोआप होत नाहीत. एकटं पालकत्व आणि गरिबी यांचाही विचार यात यावा लागतो.

पाचवा प्रश्न : हा एकच घाव आहे का? त्याच वर्षी शाळेची बस बंद झाली, उन्हाळी शिबिराचं अनुदान गेलं आणि आता केंद्र बंद झालं, तर प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे 'मध्यम' वाटतो. पण कुटुंब एकच असतं आणि ते तिन्ही निर्णय झेलतं. वेगवेगळ्या विभागांच्या फायली एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय हा साचलेला परिणाम कळत नाही.

शेवटचा प्रश्न : परिणाम कमी करायला काय करणार आणि ते कोण करणार? जुनं केंद्र बंद करण्याआधी नवी सोय सुरू होणार का, प्रत्येक मुलाच्या गरजांची नव्याने पाहणी होणार का, सहा महिन्यांनी कोण जाऊन विचारणार, हे नाव आणि तारखेसह लिहिलं तरच तो उपाय म्हणायचा. यात हिशेबाचीही बाजू आहे. विसावा नसल्याने घर कोलमडलं आणि मुलाला कायमच्या निवासी संस्थेत ठेवावं लागलं, तर तो खर्च काउन्सिललाच उचलावा लागतो आणि तो कितीतरी जास्त असतो.

लोकांना विचारायचं कधी?

निर्णय झाल्यावर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. ब्रिटिश न्यायालयांनी यासाठी चार कसोट्या घालून दिल्या आहेत. प्रस्ताव अजून कच्चा असतानाच विचारावं, समोरच्याला नीट मत देता येईल एवढी माहिती द्यावी, उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा आणि आलेल्या उत्तरांचा मनापासून विचार करावा. १९८५च्या एका खटल्यात मांडल्या गेलेल्या या कसोट्या 'गनिंग तत्त्वं' म्हणून ओळखल्या जातात. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॅरिंगे काउन्सिलच्या खटल्यात त्यांना दुजोरा दिला. त्या प्रकरणात काउन्सिलने कोणते पर्याय नाकारले हे लोकांना सांगितलंच नव्हतं, म्हणून सल्लामसलत सदोष ठरली.

२०१४ मध्येच श्रॉपशायर काउन्सिलचं प्रकरण अपील कोर्टात गेलं. काउन्सिलने दिव्यांगांच्या डे सेंटरांबाबतच्या एकूण धोरणावर लोकांची मतं घेतली होती. पण एक विशिष्ट केंद्र बंद करताना तिथे येणाऱ्यांना वेगळं विचारलं नव्हतं. ते विचारायला हवं होतं, असं कोर्टाने म्हटलं. मात्र तोवर केंद्र बंद झालं होतं, त्यामुळे कोर्टाने निर्णय रद्द केला नाही. चूक झाल्याचं जाहीर करण्यावर प्रकरण थांबलं.

कोर्ट काय बघतं?

केंद्र चालू ठेवावं की बंद करावं, हे कोर्ट ठरवत नाही. निर्णय घेणाऱ्यांनी कायद्याने सांगितलेला विचार केला की नाही, एवढंच तपासतं. त्यासाठीची मुख्य तत्त्वं २००८च्या 'ब्राउन' खटल्यात आली. सरकार देशभरातली सुमारे २,५०० पोस्ट ऑफिसं बंद करत होतं आणि दिव्यांगांवरच्या परिणामाचा विचार झाला नाही, असा तो दावा होता. दावा फेटाळला गेला, पण त्या निकालातली तत्त्वं पुढच्या जवळपास प्रत्येक खटल्यात वापरली गेली.

ती अशी : निर्णय घेणाऱ्याला या कर्तव्याची जाणीव हवी. विचार निर्णयाच्या आधी आणि निर्णय घेतानाच व्हायला हवा. तो खुल्या मनाने आणि कसोशीने व्हायला हवा, नुसत्या चौकटींवर टिकमार्क करून नव्हे. ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. ती एकदा करून संपत नाही, पुढेही चालू राहते. आणि विचार केल्याची नोंद ठेवणं शहाणपणाचं.

यातली जबाबदारी न ढकलण्याची अट महत्त्वाची आहे. अधिकाऱ्यांनी ५० पानी मूल्यमापन केलं आणि नगरसेवकांनी बैठकीत फक्त दोन ओळींचा सारांश वाचून हात वर केला, तर विचार झाला असं म्हणता येत नाही. मतदान करणाऱ्यांना ते कळलेलं असावं लागतं.

२०११ मध्ये बर्मिंगहॅम काउन्सिलने केवळ 'अतिगंभीर' गरजा असलेल्या प्रौढांनाच सामाजिक देखभाल द्यायचं ठरवलं होतं. हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला. २०१८ मध्ये ब्रिस्टल काउन्सिलची विशेष गरजा असलेल्या मुलांच्या निधीतली सुमारे ५० लाख पौंडांची कपातही अशीच रद्द झाली. दोन्ही ठिकाणी समानता कर्तव्याकडे झालेलं दुर्लक्ष हे एक कारण होतं.

जिंकूनही हरण्याचं उदाहरण

या कायद्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकाच प्रकरणात दिसतात. १९८८ पासून ब्रिटनमध्ये 'इंडिपेंडंट लिव्हिंग फंड' होता. तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांना संस्थेत न राहता स्वतःच्या घरी राहता यावं म्हणून तो मदतनिसांसाठी पैसे देई. सुमारे १८ हजार लोक त्यावर अवलंबून होते. सरकारने तो बंद करायचं ठरवलं आणि पाच दिव्यांग व्यक्ती कोर्टात गेल्या.

नोव्हेंबर २०१३ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय रद्द केला. या निर्णयाचे काही लोकांच्या स्वतंत्र आयुष्यावर किती गंभीर परिणाम होतील, हे अधिकाऱ्यांनी मंत्र्यांपुढे पुरेशा स्पष्टपणे मांडलंच नव्हतं. लोकांनी दिलेल्या प्रतिसादांचा खरा सूर मंत्र्यांपर्यंत पोहोचला असं दिसत नव्हतं.

पण मार्च २०१४ मध्ये सरकारने नवं मूल्यमापन करून पुन्हा तोच निर्णय घेतला. या वेळी गंभीर परिणाम होतील हे कागदावर मान्य केलेलं होतं. दुसऱ्यांदा दाखल झालेला दावा डिसेंबर २०१४ मध्ये फेटाळला गेला आणि ३० जून २०१५ रोजी फंड बंद झाला. स्कॉटलंडने मात्र दुसऱ्याच दिवसापासून स्वतःचा वेगळा फंड सुरू केला.

रेस्पिट केंद्राच्या बाबतीतही असंच घडलं. हर्टफर्डशायरमधल्या वॉटफर्ड इथे नॅस्कॉट लॉन नावाचं केंद्र होतं. गुंतागुंतीच्या वैद्यकीय गरजा असलेली मुलं तिथे परिचारिकांच्या देखरेखीखाली राहत. त्याला वर्षाला सुमारे ६ लाख पौंड देणाऱ्या एनएचएसच्या स्थानिक संस्थेने २०१७ मध्ये निधी थांबवायचं ठरवलं. कुटुंबं हायकोर्टात गेली. ही आरोग्यसेवा नाही, असं संस्थेचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने ते अमान्य केलं. ही आरोग्यसेवाच आहे, त्यामुळे काउन्सिलशी रीतसर सल्लामसलत करायला हवी होती, असा निकाल लागला. इथे कुटुंबांना यश मिळालं ते समानता कर्तव्याच्या नव्हे, तर सल्लामसलतीच्या नियमाच्या आधारावर. तरीही पुढे प्रक्रिया पूर्ण करून निधी थांबवला गेला आणि केंद्र बंद झालंच.

मग या मूल्यमापनाचा उपयोग काय?

बंद करायचं ठरवलेलं सरकार शेवटी बंद करतंच, असं यातून वाटू शकतं. पण तीन गोष्टी बदलतात.

एक, वेळ मिळतो. प्रक्रिया नीट पार पाडावी लागली तर कुटुंबांना तयारी करायला, संघटित व्हायला आणि पर्याय सुचवायला अवधी मिळतो. मात्र कोर्टात जायचं तर लगेच जावं लागतं. न्यायालयीन पुनर्विलोकनाचा दावा विनाविलंब आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. शिवाय नीट विचार केला असता तरी निर्णय बहुधा तोच लागला असता, असं दिसलं तर कोर्ट दिलासा नाकारू शकतं.

दोन, निर्णयाचं स्वरूप बदलू शकतं. ४० पैकी त्या सहा मुलांची नोंद झाली, तर केंद्र बंद करतानाही त्यांच्यासाठी परिचारिकेसह दोन खाटा दुसरीकडे राखून ठेवता येतात. केंद्र पूर्ण बंद न करता शनिवार-रविवार चालवणं, शेजारच्या काउन्सिलबरोबर खर्च वाटून घेणं, हे पर्याय पुढे येतात.

तीन, जबाबदारी ठरते. कुटुंबांवर असा परिणाम होईल हे माहीत नव्हतं, असं पुढे कोणाला म्हणता येत नाही. परिणाम माहीत असूनही हात वर करणाऱ्याचं नाव कार्यवृत्तात राहतं आणि पुढच्या निवडणुकीत मतदार त्याबद्दल विचारू शकतात.

भारतात अशी तरतूद आहे का?

२०११च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यातल्या सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या 'समर्थ' योजनेत रेस्पिट केअरची, तर 'विकास' योजनेत दिवसाच्या देखभालीची कल्पना आहे. पण बहुतेक घरांत विसावा म्हणजे आजी, मावशी किंवा मोठी बहीण. त्यामुळे काही बंद होतं तेव्हाही तो भार घरातच शोषला जातो आणि बाहेर दिसत नाही.

ब्रिटनसारखं सर्व सार्वजनिक संस्थांना लागू असलेलं समानता कर्तव्य भारतात नाही. मात्र दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम ४८ त्याच्या जवळ जातं. दिव्यांगांशी संबंधित सर्वसाधारण योजना आणि कार्यक्रमांचा दिव्यांगांवर विपरीत परिणाम होत नाही ना, हे पाहण्यासाठी सरकारने सामाजिक लेखापरीक्षण करावं, असं ते सांगतं. फरक वेळेचा आहे. लेखापरीक्षण चालू असलेल्या योजनेचं होतं. ब्रिटनचं कर्तव्य निर्णयाच्या आधी प्रश्न विचारायला लावतं.

तुमच्या भागातली एखादी दिव्यांग शाळा, डे केअर केंद्र किंवा बससेवा बंद होण्याची चर्चा सुरू झाली, तर वरचे प्रश्न विचारायला ब्रिटनच्या कायद्याची गरज नाही. ही सेवा नेमकं कोण वापरतं? सर्वात जास्त त्रास कोणाला होईल? पर्यायी ठिकाणी आज जागा आहे का? घरात हा भार कोण उचलणार? वापरणाऱ्यांना निर्णयाआधी विचारलं का? आणि मतदान करणाऱ्यांनी ती उत्तरं वाचली का? ही उत्तरं लेखी मागता येतात, माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. उत्तर मिळालं तर ते तपासता येतं, आणि ते नसेल तर विचार न करताच निर्णय होतोय, हे तरी चव्हाट्यावर येतं.